अनाउन्सरची नोकरी: घड्याळ, पोस्टकार्डं आणि काचेच्या बांगड्या

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू नाशिकच्या सिडकोत राहतोस, कॉलेज संपत आलंय, सगळे म्हणतात तुझा आवाज छान आहे, आणि घरी आजी रेडिओवरच्या जुन्या निवेदकांबद्दल इतकं भरभरून बोलते की तुला जाणून घ्यायचंय त्या काळात हे करिअर नक्की कसं होतं, लोक त्यात शिरायचे कसे, दिवसभर करायचे काय, नाव आणि पैसा मिळायचा का, आणि आज त्यातलं तुला काय उपयोगी पडेल. मी आकाशवाणीवर कॅज्युअल, म्हणजे ड्यूटीपुरती बोलावली जाणारी हंगामी अनाउन्सर, म्हणून सुरुवात केली आणि अनाउन्सर म्हणूनच रिटायर झाले, आता गंगापूर रोडला असते. नातवाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतेय. ज्या केंद्रांवर काम केलं त्यांची नावं लिहीत नाही, कारण यातल्या काही गोष्टी माझ्या एकटीच्या नाहीत.

पहिली गोष्ट, आजी ज्यांच्याबद्दल बोलते ती माणसं दोन वेगळ्या कामांतली असणार. एक म्हणजे अमीन सायानींसारखे, प्रायोजित कार्यक्रम करणारे. १९५२ साली केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद पडली, लोक रेडिओ सिलोनकडे, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्राकडे वळले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे सायानींची सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. तो कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची, म्हणजे ज्यांना सगळा देश दर बुधवारी रात्री ऐकत होता ते त्या वेळी सिलोनमध्ये बसलेले नसायचेच. त्यांच्या कार्यक्रमात त्यांचं नाव असायचं, त्यांची स्वतःची शैली असायची. दुसरं काम म्हणजे आमचं, केंद्रावरचा अनाउन्सर. पहाटे केंद्र उघडायचं, रात्री बंद करायचं आणि मधल्या प्रत्येक मिनिटाचा हिशोब द्यायचा. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही स्वतःचं नाव सहसा सांगत नसू. बातम्यांत नाव यायचं, पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहेत हे वाक्य तुझ्या आजीला आजही पाठ असेल. पण त्यांच्या आधी जी बाई म्हणाली की आता ऐकूया प्रादेशिक बातम्या, तिचं नाव कुणालाच माहीत नसायचं. ती बाई म्हणजे मी, असं समज.

मी वाढले पंचवटीत, वाड्यात. माझा जन्म व्हायच्या आसपासच पुणे केंद्रावरून गीत रामायण सुरू झालं होतं, १९५५ च्या रामनवमीला, आणि आई सांगायची की आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता, मालकांचा, आणि दर आठवड्याला नवं गीत ऐकायला सगळी बिऱ्हाडं त्यांच्या ओटीवर जमायची. काळाराम मंदिर हाकेच्या अंतरावर आणि तरी लोक रामकथा ऐकायला रेडिओपुढे हात जोडून बसायचे. मला कळायला लागलं तेव्हा आमचा स्वतःचा व्हॉल्व्हचा सेट आला होता, तो लावला की आधी गरम व्हायला लागायचा, मग हळूहळू आवाज वर यायचा, आणि दर वर्षी पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरावं लागायचं. हे लायसन्स ऐंशीच्या दशकात गेलं, पण तोवर रेडिओ ही घरातली नोंदणी केलेली वस्तू होती, बंदुकीसारखी.

आता शिरायचे कसे. जाहिरात यायची, अर्ज, मग लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी. लेखीत सामान्यज्ञान, भाषांतर, थोडं साहित्य, थोडं संगीत. त्यात मला अडचण नव्हती कारण सार्वजनिक वाचनालयात मी पडीक असायचे, सावाना म्हणजे १८४० पासूनची संस्था, तिथे पुस्तकांना कमी नव्हती. घोळ झाला आवाजाच्या चाचणीत. मी बोलायला शिकले होते गोदाघाटावर. वसंत व्याख्यानमालेत, यशवंतराव महाराज पटांगणावर, वडिलांबरोबर मे महिनाभर बसून मोठमोठे वक्ते ऐकलेले, आणि कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेल्या, त्यामुळे माझा समज असा की चांगलं बोलणं म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणं. स्टुडिओत गेले, काचेपलीकडे तीन जण बसलेले, लाल दिवा लागला आणि मी घाटावर उभी राहिल्यासारखी सुरू झाले. दोन वाक्यांत टॉकबॅकवरून, म्हणजे काचेपलीकडून आत बोलायच्या स्पीकरवरून, एक बाई म्हणाल्या, "इतकं लांब कुणाला सांगताय? तो माणूस तुमच्या समोर बसून चहा पितोय."

पहिल्यांदा मला घेतलं नाही. पुढच्या वेळी घेतलं, आणि मधलं वर्ष मी फक्त हेच केलं की आजीसमोर बसून तिला पेपर वाचून दाखवायचा, तिला ऐकू थोडं कमी यायचं, तरी आवाज चढवायचा नाही, शब्द स्वच्छ करायचे. माईक म्हणजे कान असतो रे, तोही अगदी जवळ आलेला. व्यासपीठावर तू हजार लोकांशी बोलतोस आणि रेडिओवर हजारो लोक ऐकत असले तरी प्रत्येक जण एकटा ऐकत असतो, कुणी दाढी करताना, कुणी भाकरी थापताना. हे ज्याला उमगलं नाही त्याचा आवाज कितीही सोन्याचा असो, रेडिओवर तो परकाच वाटायचा.

त्या चाचणीत उच्चारांवरही फार बारीक लक्ष असायचं. मराठीत च आणि ज चे दोन दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दिसत नाही. जरा म्हणजे थोडं, त्यातला ज दंत्य, जीभ दातांजवळ, आणि जरा म्हणजे म्हातारपण, त्यातला तालव्य, जीभ टाळूला. वाचताना अर्थ आधी कळला नाही तर तोंड चुकतंच. शिवाय रागांची नावं, कानडी गायकांची नावं, उर्दू शब्द, परदेशी पंतप्रधान. आमच्याकडे एक वही असायची, ज्याला नवा शब्द भेटेल त्याने उच्चारासकट लिहून ठेवायचा. गावांची नावं तर विचारूच नको, सुरगाणा, पेठ, बागलाण हे आपल्याला सोपं वाटतं पण विदर्भातून आलेला माझा एक सहकारी इगतपुरीवर रोज अडखळायचा आणि मी त्याच्याकडच्या गावांवर.

काम कसं चालायचं ते सांगते कारण लोकांना वाटतं आम्ही गाणी लावायचो आणि मधे गोड बोलायचो. दिवसाच्या तीन सभा असायच्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. सकाळची ड्यूटी म्हणजे घरून साडेचारला उठून पाचच्या सुमाराला गाडी, पोचल्यावर क्यू शीट ताब्यात घ्यायची. क्यू शीट म्हणजे दिवसाचा कागद, कुठल्या मिनिटाला काय, टेपचा नंबर, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, लांबी. मग लायब्ररीतून आलेल्या टेप आणि रेकॉर्डी तपासायच्या, क्रमाने लावायच्या, प्रत्येकीची सुरुवात ऐकायची. पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी ती संकेतधून, वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराने १९३६ च्या सुमाराला बांधलेली, हिटलरमुळे युरोप सोडून मुंबईत आला होता तो. मग वंदे मातरम्, मग तुझा आवाज. फेडर, म्हणजे माईकचा आवाज सोडायची सरकपट्टी, वर करताना रोज, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत, माझ्या पोटात एक हलका खड्डा पडायचा.

रेकॉर्ड लावायचंही तंत्र होतं. तबकडी फिरायला लागली की लगेच पूर्ण वेगाला येत नाही, म्हणून सुई गाण्याच्या सुरुवातीला ठेवून तबकडी हाताने थोडी मागे फिरवायची, तिथे धरायची, आणि निवेदनाचा शेवटचा शब्द तोंडात असताना सोडायची म्हणजे शब्द संपतो आणि गाणं सुरात उठतं. जरा उशीर झाला की गाणं रडत रडत वर येतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत गाणं तीनेक मिनिटांचं, म्हणजे तीन मिनिटांत दुसरी तबकडी लाव, पुढचं वाक्य मनात जुळव, लॉगमध्ये वेळ लिही, ड्यूटी रूमचा फोन घे. टेप आल्यावर हे थोडं सुसह्य झालं पण टेप तुटायची, मग ब्लेडने तिरका छेद देऊन चिकटपट्टीने जोडायची, आणि तेवढ्यात व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत म्हणून बासरी सोडायची.

आणि सगळ्याच्या वर घड्याळ. दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करायच्या, म्हणजे तिकडून येतील तशा आपल्या केंद्रावरून सोडायच्या असतील तर तिकडून वेळेचे ठोके येणार ते ठरल्या सेकंदाला, तू तुझं वाक्य संपवलं असो वा नसो. समजा गायकाने ख्याल चाळीस सेकंद आधी संपवला. आता हे चाळीस सेकंद तुझे. तिथे बडबड करायची नाही, शांतताही ठेवायची नाही. मी स्टॉपवॉच लावून स्वतःला शिकवलं होतं, माझा वाचनाचा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्द, त्यामुळे चाळीस सेकंद म्हटले की डोक्यात आपोआप साठपासष्ट शब्दांचा साचा तयार व्हायचा, संध्याकाळच्या कार्यक्रमांची माहिती, मग वेळ, मग केंद्राचं नाव, आणि ठोके. लोक आमच्या आवाजावर घड्याळं लावायचे. शाळेला जाणारी पोरं, एसटी पकडणारे नोकरदार, गिरणीतले कामगार, सगळ्यांची सकाळ कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला बांधलेली असायची, ते अमुक लागलं म्हणजे आता आंघोळीला जा. आमच्या करिअरचा गाभा म्हणशील तर माझ्या मते हाच, की माणसांना आमच्या वेळेवर विसंबून राहता यायचं. आवाज त्याच्या नंतर.

बांगड्यांचं सांगायचं राहिलं. स्टुडिओच्या दाराशी एक छोटं टेबल होतं, त्यावर बायका काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या कारण माईक जवळ असतो आणि पान उलटताना किणकिण झाली की ती घराघरांत ऐकू जाते. माझं लग्न झालं आणि पाचव्या दिवशी ड्यूटी होती, हातात हिरवा चुडा, सासूबाईंनी बजावलेलं की काढायचा नाही. मी दोन्ही हातांना रुमाल गुंडाळून अख्खी सभा केली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, मी रेडिओला कान लावून बसले होते, एकदाही वाजल्या नाहीत. त्यांनी पुन्हा कधी त्या बांगड्यांबद्दल काही म्हटलं नाही, उलट कापडी पट्ट्या शिवून दिल्या. कागदांचंही तसंच, पिन लावायची नाही, प्रत्येक पानाचा कोपरा आधीच दुमडून ठेवायचा म्हणजे सरकवताना आवाज येत नाही. प आणि फ ची हवा माईकवर आदळते म्हणून तोंड किंचित तिरकं. रात्री दही बंद. ज्येष्ठमध पर्समध्ये कायम.

आता माझ्या हातून झालेली एक चूक, कारण तिच्यामुळेच मी अनाउन्सर झाले असं मला वाटतं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बाजारभाव वाचायचे असायचे. लासलगावचा कांदा, किमान, कमाल, सर्वसाधारण, मग पुढची बाजारपेठ. रटाळ काम म्हणून ते नव्या माणसाला द्यायचे. एका संध्याकाळी माझी ओळ सरकली आणि मी लाल कांद्यापुढे उन्हाळ कांद्याचा भाव वाचला. मला कळलंही नाही. आठदहा दिवसांनी निफाड तालुक्यातून पोस्टकार्ड आलं, पेन्सिलने लिहिलेलं. राग नव्हता त्यात. एवढंच, की ताई तुम्ही सांगितलेला भाव ऐकून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेऊन पहाटे माल नेला, तिथे भाव वेगळाच निघाला, परत आणणं परवडत नव्हतं म्हणून दिला, तर पुढच्या वेळी जरा सांभाळून वाचा.

मी ते कार्ड घेऊन बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्या एका सरकलेल्या ओळीने एका माणसाच्या भाड्याचे पैसे गेले होते आणि तो मला ताई म्हणत होता. त्यानंतर आकड्यांचा कुठलाही कागद मी आधी पूर्ण मोठ्याने वाचल्याशिवाय माईकवर नेला नाही, ओळीखाली पट्टी धरून वाचायचे, आणि आकडा बोलताना अर्धा क्षण थांबायचे, कारण ऐकणाऱ्याच्या हातात पेन असतं. अडीचशे आणि दीडशे रेडिओवर खरखरीत सारखे ऐकू येऊ शकतात म्हणून दोनशे पन्नास म्हणायला लागले. नंतर नव्या मुलामुलींना शिकवायची वेळ आली तेव्हा मी त्यांना कविता नंतर द्यायचे, आधी बाजारभाव.

कठीण दिवस म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली तो. मी दुपारच्या ड्यूटीवर होते. बाहेर परदेशी रेडिओ ऐकून लोकांना कळलं होतं, आमचे फोन सतत वाजत होते की बाई गेल्या का, आणि अधिकृत बातमी हातात आल्याशिवाय आम्हाला एक शब्द बोलायची परवानगी नाही. माहीत असून नेहमीच्या स्वरात पुढचं गीत सांगायचं हे मला फार जड गेलं, आवाजातला आनंद तेवढा काढून टाकला आणि शब्द तेच ठेवले. संध्याकाळी बातमी आली, मग नेहमीचे कार्यक्रम रद्द, फक्त सारंगी आणि वीणा. त्या रात्री एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला की दुपारपासून तुमच्या आवाजावरून मला समजलं होतं. आजही मला ठरवता येत नाही की ते माझं यश होतं की अपयश.

नाव मिळायचं का? रस्त्यात कुणी ओळखायचं नाही, पण मी मेन रोडला दुकानात भाव विचारला की दुकानदार मान वर करून बघायचा. पत्रं मात्र पोतं भरून. फर्माईशीच्या पत्रांत सगळ्या घरादाराची नावं, बारशाच्या तारखा, कुणाची नोकरी लागली. हिवाळ्यात तर कर्नाटकातून, सौराष्ट्रातूनही कार्डं यायची, कारण मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा वातावरणाच्या एका थरात शोषल्या जातात आणि सूर्य मावळला की तो थर विरतो, मग त्याच लहरी आणखी वरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. आम्ही रात्री बोलायचो तेव्हा खरंच कुठवर पोचतोय ते आम्हालाच माहीत नसायचं.

पैशाचं बोलायचं तर कॅज्युअलला महिन्याला सहाएक ड्यूट्या, त्यावर घर चालत नाही, सोबत शाळेत शिकवणं किंवा भाषांतरं करावीच लागायची. आधीच्या पिढीतले स्टाफ आर्टिस्ट करारावर असायचे, पुढे त्यांना सरकारी नोकरीत घेतलं आणि पेन्शनचा आधार आला. श्रीमंत कुणी झालं नाही. जाहिराती विविध भारतीवर १९६७ पासून आल्या, १९५७ ला ती सुरू झाली त्यानंतर दहा वर्षांनी, आणि जाहिरातींना आवाज देणाऱ्यांनी बरे पैसे कमावले, पण ते मुंबईत राहणाऱ्यांना जमायचं. मुंबईचं आणखी एक वैभव म्हणजे तिथलं नाट्य. पुन्हा प्रपंच मालिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ही लोकांना आपल्या शेजारची माणसं वाटायची, ते काम बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी यांनी केलं, आणि कुडतरकर कामगारांच्या कार्यक्रमातही तितकेच रमायचे. एकाच माणसाने सकाळी निवेदन, दुपारी नाटक, संध्याकाळी मुलाखत करावी अशी ती शाळा होती.

१९७२ ला मुंबईत दूरदर्शन आलं तरी आमच्या भागात टीव्ही पोचायला वेळ लागला, खरी ओहोटी मला ऐंशीच्या शेवटी जाणवली, पत्रांचं पोतं पिशवी झालं. पुढे २००१ पासून खासगी एफएम आले, आरजे आले. मला त्यांच्याबद्दल राग नाही. ते मोकळे बोलतात, आम्हाला तेवढं मोकळं होता आलं नाही, आमच्या काळातली भाषा काही वेळा इस्त्री केल्यासारखी ताठ होती हे मी मान्य करते. फक्त एक खटकतं, आकडे आणि गावांची नावं आता कुणी सांभाळून बोलत नाही.

आता तुझं. नुसत्या निवेदनावर पूर्ण वेळची सरकारी नोकरी मिळेल या आशेवर राहू नकोस, ती पदं फारशी भरली जात नाहीत. पण नाशिक आकाशवाणी १०१.४ वर आहे, कॅज्युअलसाठी जाहिरात निघेल तेव्हा चाचणी दे, शिकायला तशी जागा दुसरी नाही. ऑडिओबुक, पॉडकास्ट, डबिंग यात काम आहे आणि तिथे माईकची सवय असलेला माणूस लगेच ओळखू येतो. आवाज भारदस्त करायच्या फंदात पडू नकोस, तरुण पोरं हनुवटी छातीला लावून खर्जात बोलतात ते दोन मिनिटं बरं वाटतं. उद्यापासून एवढं कर, पेपरातला बाजारभावाचा तक्ता घे, फोनवर रेकॉर्ड करत वाच, आणि ते रेकॉर्डिंग आजीला दुसऱ्या खोलीत बसवून ऐकव, तिच्या हातात कागद पेन दे. तिने लिहिलेले आकडे तुझ्या तक्त्याशी जुळवून बघ. सगळे जुळले की मला कळव, मग आपण कवितेकडे येऊ.